सभामंडपाचे अंदाजपत्रक

आदिलाबाद शहरातून उत्तरेस निघाले म्हणजे थोड्याच वेळात पैनगंगा लागते आणि नदीपलीकडे महाराष्ट्र सुरू होतो, असे नकाशा सांगतो. जमिनीला ही सीमा ठाऊक नाही. दोन्ही तीरांवर कापसाच्या काळ्या मातीखाली जागोजाग तोच चुनखडीचा दगड पसरला आहे. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला पैनगंगेच्याच नावाने ओळखतात व त्याचे वय शंभर कोटी वर्षांच्या घरात मांडतात. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा राजुरा आणि किनवट हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मराठी मुलखात गेले. जुन्या राजुरा तालुक्याच्या त्याच भूमीवर पुढे गडचांदूर, आवारपूर आणि उपरवाही येथे सिमेंटचे प्रचंड कारखाने उभे राहिले. नदीच्या अलीकडे देवापूरचा कारखाना झाला. 2016 च्या विभागणीत ते गाव मंचेरियल जिल्ह्यात गेले. खुद्द आदिलाबादेत सिमेंट कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचा कारखाना 1980 नंतरच्या दशकात चालू झाला आणि शतक संपण्यापूर्वीच बंद पडला. त्याच्या पगारावर वाढलेली माणसे आमच्या परिचयाची आहेत. त्यामुळे सिमेंटविषयी दोन उणे शब्द लिहिताना आमचा हात अंमळ जड होतो. ज्या मुलखाने सिमेंटची भाकरी खाल्ली तेथे बसून सिमेंट कमी वापरा म्हणणे, हे उसाच्या फडात उभे राहून साखरेवर टीका करण्यासारखे आहे.

तथापि प्रसंगच तसा आला. आमची कुटुंबे या गावी तीन पिढ्यांमागे आली; कोणी नोकरीनिमित्त, कोणी कापसाच्या व्यापाराच्या ओढीने. घरी कोंकणी, देवळात मराठी आणि बाजारात तेलुगू, अशी आमची त्रिस्थळी यात्रा रोज चालते. पेठेतील आमचे देऊळ लहान आहे. गाभारा काळ्या दगडाचा. पुढे सागवानी खांबांचा, चुन्यात बांधलेल्या भिंतींचा सभामंडप. आणि वर मंगळुरी कौले. ही कौले येथे आणण्याचा हट्ट किनाऱ्यावरून आलेल्या आमच्या पूर्वजांपैकीच कोणाचा तरी असला पाहिजे. बासेल मिशनच्या लोकांनी 1865 साली मंगळुरास जो कौलांचा कारखाना काढला, त्याच्या ख्यातीची ती दूरची लाट होय. गेल्या काही पावसाळ्यांत मात्र मंडप गळू लागला. कीर्तनकाराच्या डोक्यावर थेंब पडू लागले म्हणजे पंचमंडळी जागी होतात, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

जागी झालेल्या पंचमंडळींनी एका ठेकेदारास बोलावले आणि त्याने अंदाजपत्रक दिले. जुना मंडप पाडावयाचा, त्या जागी साठ फूट लांब व चाळीस फूट रुंद असा स्लॅबचा सभागार बांधावयाचा, आणि त्यासाठी सिमेंट नऊशे पोती. हैदराबादेस स्थायिक झालेल्या एका सधन भक्तांनी खर्चाचा मोठा वाटा उचलण्याचे कबूलही केले. त्यांची अट एकच: येत्या वैशाखात त्यांच्या कन्येचे लग्न नव्या मंडपात लागावे. बैठकीत टाळ्या पडल्या. एकच व्यक्ती टाळी न वाजविता कागदावर काही आकडे मांडीत बसली होती. ती म्हणजे आमच्या भटजींची नात, जी नागपुरास स्थापत्यशास्त्र शिकून आली आहे. तिने हळूच विचारले, "काका, नऊशे पोत्यांबरोबर किती धूर येतो, ते या कागदात कुठे लिहिले आहे?"

तिच्या प्रश्नाचे उत्तर देणे आम्हांस भाग पडले, आणि ते शोधता शोधता जे कळले ते वाचकांपुढे ठेवण्यासारखे वाटते.

सिमेंटचा दोष केवळ कोळशाच्या धुराचा असता तर त्याला इतर उद्योगांहून वेगळे काढण्याचे कारण नव्हते. खरा प्रकार निराळा आहे. चुनखडीचा दगड म्हणजे चुना आणि कर्बवायू, ज्यास शास्त्रज्ञ कार्बन डायऑक्साइड म्हणतात, यांची प्राचीन समुद्राच्या तळाशी बसलेली गाठ. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली तर छप्पन्न किलो चुना उरतो आणि चव्वेचाळीस किलो कर्बवायू हवेत जातो. भट्टी कोळशाची असो, विजेची असो वा सूर्याची असो, हे चव्वेचाळीस किलो चुकत नाहीत. ते दगडाच्या पोटातलेच आहेत. सिमेंटच्या भट्टीत चुनखडी व माती सुमारे 1450 अंश उष्णतेपर्यंत तापवितात, तेव्हा जे काळसर खडे निघतात त्यांस क्लिंकर म्हणतात. ते दळून त्यात थोडे जिप्सम घातले की साधे पोर्टलंड सिमेंट तयार होते. दगडातला व इंधनातला असे दोन्ही कर्बवायू मिळून एका टन क्लिंकरमागे आठशे किलोहून अधिक भरतात. जगात दर वर्षी सुमारे चारशे कोटी टन सिमेंट होते, आणि मनुष्यजात जेवढा कर्बवायू सोडते त्याच्या सात-आठ टक्के या एका वस्तूपायी सुटतो. उत्पादनात चीनच्या खालोखाल आपलाच देश आहे.

आमची नऊशे पोती म्हणजे पंचेचाळीस टन. ठेकेदाराच्या आवडीचे, राख न मिसळलेले 53 ग्रेडचे सिमेंट घेतले तर पस्तीस ते चाळीस टन कर्बवायू आमच्या एका मंडपाच्या नावे जमा होणार होता. पेठेतल्या एका लहान देवळाचा हा हिशेब. बैठकीत कोणी तरी म्हणाले, "एवढ्याने जग बुडत नाही." खरे आहे. पण गेल्या दोन-तीन उन्हाळ्यांत दुपारी बारानंतर देवळाच्या फरसबंदीवर पाय ठेववेना, म्हणून प्रदक्षिणेच्या वाटेवर गोणपाट अंथरण्याची पाळी आमच्यावर आली होती. ज्यांनी ते गोणपाट अंथरले, त्यांच्या तोंडी हे वाक्य शोभले नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. काँक्रीट ही वस्तूच त्याज्य आहे, असे म्हणणारे लोक आम्हांस भेटले आहेत. त्यांचे म्हणणे आम्हांस पटत नाही. धरण, पूल, इस्पितळ ही मातीची होत नाहीत. डोंगरातल्या गोंड पाड्यावर पावसाळ्यात ओढा ओलांडावयास जो पूल लागतो तो काँक्रीटचाच हवा. प्रश्न आहे तो जेथे गरज नाही तेथे ते ओतण्याचा, आणि जेथे गरज आहे तेथे त्यात क्लिंकर किती, याचा.

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आमच्याच गवंड्यांच्या आजोबांस ठाऊक होते. भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुर्खी, चुन्यात मिसळून घाण्यात मळली की तो चुना पाण्याखालीही घट्ट होतो, हे ज्ञान या देशात जुने आहे. हैदराबाद व मद्रास यांनी मिळून बांधलेले तुंगभद्रेचे धरण 1953 साली पुरे झाले, ते सुर्खी-चुन्याच्या दगडी बांधकामाचेच आहे. 2024 च्या ऑगस्टात त्याचे एक दार साखळी तुटून वाहून गेले. वाहून गेले ते लोखंडी दार, भिंत नव्हे. भाक्रा धरणाच्या काँक्रीटमध्येही सिमेंटाचा काही भाग वगळून भाजलेल्या मातकट दगडाची पूड घातली होती. आज स्वित्झर्लंड, क्यूबा आणि भारत येथील शास्त्रज्ञांनी मिळून जे नवे सिमेंट सिद्ध केले आहे त्यात क्लिंकर सुमारे निम्मेच असते. उरलेल्या जागी सातशे-आठशे अंशांवर भाजलेली चिनीमातीच्या जातीची माती आणि न भाजलेल्या चुनखडीची पूड असते. दिल्ली व मद्रास येथील आयआयटींचा या कामात मोठा भाग आहे, आणि भारतीय मानक ब्यूरोने 2023 मध्ये त्याचे मानकही प्रसिद्ध केले. कर्बवायू तीस-चाळीस टक्क्यांनी घटतो. आमच्या दुकानदाराकडे आम्ही हे सिमेंट मागितले, तेव्हा त्याने नाव शांतपणे ऐकून घेतले आणि राखेच्या सिमेंटचे पोते पुढे केले.

राखेचे सिमेंट मात्र घरोघरी पोचले आहे. चंद्रपूरच्या 2920 मेगावॅटच्या औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी कोळसा जळून जी तलम राख उरते, ती सिमेंटमध्ये पंधरापासून पस्तीस टक्क्यांपर्यंत मिसळण्यास मानकाची मान्यता आहे. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना काही चुना मोकळा सोडते. राख हा चुना सावकाश धरून ठेवते आणि काँक्रीट अधिक घट्ट, अधिक निश्छिद्र होते. कोकणच्या खाऱ्या हवेत ज्यांच्या स्लॅबच्या सळया गंजून खपल्या पडल्या आहेत, त्यांनी या गुणाकडे विशेष लक्ष द्यावे. कोळसा जाळणे हे पुण्यकर्म नव्हे, आणि कोळशाची केंद्रे बंद होतील तेव्हा ही राखही सरेल. पण आज ती डोंगरासारखी पडून आहे, नदी-ओढ्यांत जात आहे, तोवर ती भिंतीत गेलेली बरी.

मग 53 ग्रेडचा आग्रह कशासाठी? आमच्या मिस्त्रीस हे विचारले. चाळीस वर्षे थापी धरलेला हा मनुष्य कमी बोलतो. तो म्हणाला, "काका, राखेचं सिमेंट उशिरा पकडतं, पण पकडलं की सोडत नाही. ठेकेदाराला सेंट्रिंगच्या फळ्या दुसऱ्या कामावर न्यायच्या असतात. त्याला उशीर परवडत नाही."

सगळ्या अंदाजपत्रकाची किल्ली आम्हांस या एका वाक्यात सापडली. नऊशे पोत्यांतली कित्येक पोती ताकदीसाठी नव्हतीच. ती घाईसाठी होती. फळ्या लवकर सुटाव्यात म्हणून क्लिंकर जास्त. घमेल्याने मोजलेले मिश्रण पातळ करून भराभर ओतता यावे म्हणून पाणी जास्त, आणि पाण्याने गेलेली ताकद भरून काढावी म्हणून पुन्हा सिमेंट जास्त. ओतल्यानंतर दहा-पंधरा दिवस पाणी मारावे, तर तेवढे थांबण्यास कोणी नाही; म्हणून पाणी न मारताही निभावेल असे मिश्रण करावयाचे. घर बांधणाऱ्यास भाडे चुकवावयाचे असते, दुकान बांधणाऱ्यास दिवाळी गाठावयाची असते. त्यांची घाई आम्ही समजू शकतो. देवाला कोणते भाडे चुकवावयाचे आहे? साऱ्या जिल्ह्यात ज्याला घाई नाही असा बांधकामाचा एकच मालक आहे, आणि त्याच्याच घरासाठी आम्ही घाईचे सिमेंट मागवीत होतो.

हा विचार आमच्याच डोक्यातून निघाला असे नव्हे. हवाई बेटांपैकी काउआई येथे शैव मठवासीयांनी इरैवन मंदिर उभारले; त्याचे दगड बेंगळूरजवळ घडले. त्या मंदिराने हजार वर्षे टिकावे अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी बर्कली येथील प्राध्यापक पी. कुमार मेहता यांस पाया आखावयास सांगितले. मेहतांनी 1999 साली सुमारे छत्तीस मीटर लांब व सतरा मीटर रुंद असा पाया घातला. त्यात लोखंडाची एक सळई नाही, आणि सिमेंटपेक्षा राख अधिक आहे. ताकद अठ्ठावीस दिवसांची न मोजता नव्वद दिवसांची मोजावयाची, असे ठरले. गडबड नसल्यामुळे सिमेंट थोडे पुरले. सिमेंट थोडे म्हणून आतून उष्णता थोडी. उष्णता थोडी म्हणून तडे नाहीत. अयोध्येच्या राममंदिरातही लोखंड नाही, आणि त्याच्या पायातील सुमारे 14 मीटर जाडीच्या, थराथराने रोलरखाली दाबलेल्या काँक्रीटमध्ये सिमेंट थोडे व राख पुष्कळ आहे.

इतक्या दूर जावयासही नको. इंद्रवेल्लीजवळ केस्लापूर येथे मेसराम घराण्याच्या गोंड बांधवांनी आपल्या नागोबाचे देऊळ नव्याने बांधले. मुख्यत्वे आपसांतील वर्गणीतून, दगडात, आणि कित्येक वर्षे खपून. डिसेंबर 2022 मध्ये तेथे प्रतिष्ठा झाली. पौष अमावास्येच्या जत्रेसाठी ही मंडळी आजही गोदावरीचे पाणी पायी चालत जाऊन आणतात. जे पाण्यासाठी अनवाणी इतके चालतात त्यांस दगडासाठी थांबणे जड गेले नसावे. आणि जैनथचे काळ्या दगडाचे लक्ष्मीनारायणाचे देऊळ तर आमच्या शेजारीच आहे. त्या गावी परमार जगद्देवाच्या काळचा शिलालेख सापडला आहे. दगड भाजावा लागत नाही, त्याच्या पोटातला कर्बवायू पोटातच राहतो, ही गोष्ट त्या काळच्या शिल्पकारांस ठाऊक असण्याचे कारण नव्हते; पण दगड मुक्कामाला राहतो, एवढे त्यांस ठाऊक होते. (दूरदेशीची चकचकीत पॉलिशची लादी मागवून तिलाच कोणी दगडी बांधकाम म्हणत असेल, तर त्यांच्याशी वाद घालण्याचा आमचा विचार नाही.)

पुढच्या बैठकीत भटजींच्या नातीने दुसरे अंदाजपत्रक मांडले. मंडप पाडावयाचाच नाही, हे त्यातले पहिले कलम. येथील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. तिच्यातून खाली घट्ट थरापर्यंत नवा पाया नेण्यातच ठेकेदाराचे पुष्कळ काँक्रीट जात होते. जुन्या भिंती मात्र त्या मातीशी भांडून, बसून, स्थिरावून कधीच मोकळ्या झाल्या होत्या. त्यांच्या चिरा चुन्याने भरावयाच्या. चुना भाजताना जो कर्बवायू सोडतो त्यातला बराचसा भिंतीत बसल्यावर वर्षानुवर्षे हवेतून परत घेतो. सागवानी खांबांपैकी दोनच कुजले होते, ते बदलावयाचे. नवे बांधकाम म्हणजे मागची प्रसादाची खोली आणि दक्षिणेची पडवी, तेवढेच स्लॅबचे.

या स्लॅबमध्येही तिने एक युक्ती योजली होती. आडव्या स्लॅबच्या खालच्या अर्ध्या भागात ताण सळई सोसते. तेथले काँक्रीट सळईभोवती हवे, सळयांच्या मधल्या जागेत त्याला फारसे काम नसते. त्या रिकामटेकड्या काँक्रीटच्या जागी जुनी कौले ठेवली तर काँक्रीट सुमारे एक चतुर्थांश वाचते व खोली थंडही राहते. तिरुवनंतपुरास राहून लॉरी बेकर यांनी ही पद्धत शेकडो घरांत वापरली. आमच्या मंडपावरची जी मंगळुरी कौले फुटकी वा ठिसूळ नव्हती पण आकाराने जुळत नव्हती, ती अशी स्लॅबच्या पोटात जाणार होती. आज्यापणज्यांनी आणलेली कौले टाकून देण्याचे ज्यांच्या जिवावर आले होते, त्या वृद्ध भगिनींची मते याच कलमाने मिळविली, असे आमचे निरीक्षण आहे. कर्बवायूच्या आकड्यांनी नव्हे.

सिमेंट दोनशे पोत्यांच्या आत, सारे राखेचे. कर्बवायू सहा टनांच्या आसपास. आणि वेळ? "वैशाखापर्यंत होणार नाही," ती म्हणाली. "चुन्याला घाई सोसत नाही आणि राखेलाही नाही."

येथे खरा पेच पडला. हैदराबादच्या गृहस्थांचा आग्रह अवाजवी नव्हता. आपल्या मुलीचे लग्न कुळाच्या देवापुढे लागावे, यात गैर काय? त्यांच्या देणगीवाचून मंडप होणे कठीण, आणि त्यांस दुखविणेही कठीण. दोन वृद्ध पंच त्या रात्री एकमेकांशी बोलेनात. एक म्हणाले, दाता गेला तर दगडही नाही नि चुनाही नाही. दुसरे म्हणाले, दात्याची तारीख सांभाळावयास देव पाडावयाचा काय? शेवटी हात वर करून मते मोजण्यात आली. आमच्या देवळात असे पूर्वी घडल्याचे कोणास आठवत नाही. सात विरुद्ध पाच. लग्न वैशाखात गावातल्या एका मंगल कार्यालयात झाले. आम्ही सारे गेलो, जेवलो, आशीर्वाद दिले; देणगीचा विषय कोणी काढला नाही, यजमानांनीही नाही.

पैसे मग लहान लहान हातांनी आले. कोणी कापूस विकल्यावर दिले, कोणी पेन्शनमधून. एका बाईंनी खांबाच्या लाकडाचा खर्च दिला व आपले नाव कोठेही कोरू नये असे बजावले. चुन्याची दुरुस्ती पावसाळ्यापूर्वी उरकली. स्लॅब मार्गशीर्षात ओतला. मिश्रण घमेल्याने न मोजता वजनाने मोजले, आणि पाणी वाढविण्यास मिस्त्रीने एकदाही परवानगी दिली नाही, मजूर कुरकुरले. ओतल्या दुसऱ्या दिवशी स्लॅबवर मातीचे वाफे करून पाणी साचविले. काकड आरतीनंतर व सायंआरतीनंतर बायकामुले कळश्यांनी पाणी घालू लागली. चौदा दिवसांचे ठरले होते. एकविसाव्या दिवशीही मुले थांबेनात.

आदिलाबादची थंडी तेलंगणात प्रसिद्ध आहे. त्या पंधरवड्यात तर पहाटे हात बाहेर काढवेना, आणि थंडीत राखेचे सिमेंट आणखीच सावकाश पकडते. टेकू कधी काढावयाचे असे पंचांनी विचारले, तेव्हा मिस्त्रीने हातोडीने स्लॅबच्या कडेवर एक टोला दिला, आवाज ऐकला आणि "अजून नाही" म्हणून निघून गेला. प्रसादाची खोली सध्या टेकूंच्या रानातून वाट काढीत वापरावी लागते. हैदराबादच्या गृहस्थांच्या मातोश्री गेल्या एकादशीस दर्शनास आल्या होत्या. त्या टेकूंमध्ये खुर्ची घालून बराच वेळ बसल्या, वर स्लॅबच्या पोटात दिसणारी कौले त्यांनी मोजली, आणि आपल्या लग्नात याच कौलांखाली पंगत बसली होती असे सांगितले. चिरंजीवांचे पत्र अद्याप आलेले नाही. माघ पौर्णिमेनंतर मिस्त्री पुन्हा एक टोला देऊन पाहणार आहे.